बासष्टाव्या पानाखालची ओळ

नाकतोडा कानडखेडला आला तो एसटीने, खिडकीजवळच्या सीटवर बसून, कमरेला पट्टा लावून. शेजारच्या सीटवर राजुल. बिनचालकाची ती नवी बस फाट्यावर थांबली तेव्हा ज्येष्ठातल्या उन्हाने डांबर मऊ झालं होतं आणि धन्यकुमार अन्नदाते छत्री घेऊन अर्ध्या तासापासून उभे होते. छत्री मुलीसाठी आणली होती. मुलीने ती घेतली आणि यंत्राच्या पेटीवर धरली.

"अण्णा, ह्याला ऊन सोसत नाही."

"आणि तुला?"

"मी इथलीच आहे," राजुल म्हणाली. तेवढ्या तीन शब्दांनी गुरुजींचा जीव सुपाएवढा झाला.

धन्यकुमार गुरुजींनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवली, पण गावात त्यांची खरी ओळख वेगळी. जैन मंदिरातल्या ग्रंथभांडाराच्या किल्ल्या सत्तावीस वर्षं त्यांच्या कमरेला होत्या. भांडारात दोनशेवर पोथ्या. मात्र लांबलांबची माणसं वाट वाकडी करून यायची ती एकीसाठीच. पाचशे वर्षांची, चौऱ्याऐंशी पानांची, पानापानावर चित्रं. लाल जमिनीवर सोन्याचे राजे, लांबट डोळ्यांच्या राण्या, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असं काम. वर्षातून एकदा, शास्त्रपूजेच्या सणाला, श्रुतपंचमीला, ती बाहेर निघायची, वेदीवर बसायची, पालखीतून मिरवायची. तिला हात लावायचा तो तोंडाला पांढरं फडकं बांधून आणि कोरड्या ठणठणीत बोटांनी. श्वास लागता कामा नये, थुंकीचा कण उडता कामा नये. नाहीतर शास्त्राचा अविनय.

हा नियम राजुलने नऊ वर्षांची असताना मोडला होता. भर श्रुतपंचमीला, सगळ्या समाजादेखत, पान उलटायला तिने अंगठा जिभेला लावला. शाळेच्या पुस्तकांची सवय, दुसरं काय! गुरुजींना भांडाराच्या किल्ल्या मिळून पुरता महिनाही झाला नव्हता. त्यांनी तिच्या कानाखाली अशी वाजवली की आवाज मांडवभर गेला. पोर रडली नाही. तिने भांडाराची पायरी चढणं सोडलं ते सोडलंच. पुढे ती पुण्याला रसायनशास्त्र शिकली, जुन्या हस्तलिखितांचे रंग तपासणाऱ्या संस्थेत लागली, आणि बापाशी फोनवर हवापाण्याचं बोलत राहिली. आणि यंदा एक दिवस आपणहून म्हणाली, "अण्णा, तुमची पोथी वाचायची आहे. मिळेल?"

गुरुजींनी पंचांपुढे पदर पसरायचा तेवढा बाकी ठेवला होता. समाजाचे अध्यक्ष नेमिनाथ जिंतूरकर, जिनिंगचे जुने मालक, माणूस करडा पण सरळ. ते म्हणाले, "पानाला धक्का लागला किंवा काही भलतंसलतं निघालं, तर जबाबदारी तुमची."

"किल्ल्या तुमच्यापुढे ठेवीन," गुरुजी बोलून गेले.

सोमवारी सकाळी दहाला नाकतोडा कामाला लागला. तीन लांबलचक पाय, मध्ये काचेचं डोकं, त्यातून निघालेली केसाएवढी नळी. पानावर वाकून उभा राहायचा, पण पानाला शिवायचा नाही. नाव राजुलच्या सहकाऱ्यांनी ठेवलेलं आणि अगदी चपखल.

"आता सांग, हा करतो काय?" गुरुजींनी तोंडावरच्या फडक्यातूनच विचारलं. राजुलच्याही तोंडाला फडकं होतं. तिने ते न सांगता बांधलं होतं.

"प्रत्येक रंग उजेडातला थोडा भाग गिळतो आणि उरलेला परत फेकतो. आपल्या डोळ्यांना त्यातलं ढोबळ तेवढं कळतं. हा लाल, हा पिवळा. नाकतोडा एका जागेवर आठशे प्रकारचा उजेड टाकतो, आपल्याला न दिसणारासुद्धा. हिंगूळ आणि गेरू दोन्ही लालच, पण दोघांची गिळायची तऱ्हा वेगळी, त्यावरून ते पकडता येतात. शिवाय तांबड्याच्या पलीकडचा जो उजेड असतो तो रंगातून आरपार जातो आणि काजळीच्या शाईपाशी अडतो. म्हणजे रंग भरायच्या आधी खाली जे रेखाटलं, लिहिलं, ते दिसतं."

"आणि ही नळी?"

"ते ह्याचं नाक. मोहरीएवढ्या जागेला हलकी ऊब देते. त्या उबेने रंगातले मोजके रेणू हवेत सुटतात, ते ही हुंगते. रंग डिंकात कालवला की सरसात की आणखी कशात, ते त्यावरून कळतं. पानाला ओरखडाही नाही."

"म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या रंगाचा वास घेते!" गुरुजी लहान मुलासारखे पुढे सरकले. "आणि खोटं बोलते का?"

"खोटं बोलत नाही, आणि लपवूही देत नाही," राजुल म्हणाली. "पूर्वी लोक सोयीचे निष्कर्ष छापायचे, गैरसोयीचे दाबून ठेवायचे. म्हणून आता नियम झालाय. यंत्र सुरू केल्यापासून बहात्तर तासांनी सगळं आपोआप जगाच्या नोंदवहीत जातं. त्याला खुलासा जोडता येतो, खोडता मात्र काही येत नाही."

गुरुजींनी बोटांवर मोजलं. गुरुवारी सकाळी दहा, म्हणजे ऐन श्रुतपंचमी, पालखी निघायची वेळ. योग चांगला आहे, असं त्यांना वाटलं.

पहिला दिवस दिवाळीसारखा गेला. पडद्यावर एकेक नाव उमटायचं आणि बापलेक एकमेकांकडे बघायचे. लाल तो हिंगूळ. निळा तो थेट अफगाणिस्तानच्या खाणीतला लाजवर्द, बैलांच्या पाठीवरून कुठल्या कुठून कानडखेडला आलेला! पिवळा तो हरताळ. सोनं खरं, वरख वाटून केलेलं. रंगांखाली चिताऱ्याने स्वतःसाठी टाचणं लिहिलेली सापडली, एका शब्दाची. राजाच्या अंगरख्याखाली 'हिंगूळ', राणीच्या लुगड्याखाली 'हरताळ', आकाशाखाली 'लाजवर्द'. गुरुजींनी आयुष्यभर शाळेच्या फळ्यावर असंच लिहिलं होतं, इथे लाल भरा, इथे पिवळा भरा. पोथीच्या शेवटी दान देणाऱ्या सावकाराचं नाव होतं, लिहिणाऱ्या लेखकाचं होतं, चिताऱ्याचं नव्हतं. आणि आता तो चितारी त्यांच्याशी बोलत होता.

"जेवायला चला, सूर्य बुडायला आला," म्हणून राजुलच्या आईला, विमलबाईंना, माणूस पाठवावा लागला. सूर्यास्तानंतर घरात कुणी जेवत नसे, हे त्या दिवशी दोघंही विसरले होते.

मंगळवारी दुपारी जिंतूरकर बघायला आले, आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर तांबडी चौकट उमटली.

'प्राणिज प्रथिन आढळले. शक्यता: कातड्याचा सरस.'

नाकतोडा आपला पुढच्या ठिपक्याकडे सरकला.

"गुरुजी," जिंतूरकर शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला नव्हता हेच जास्त लागलं, "जनावराचं कातडं उकळून केलेला सरस? आपण पाण्याचा थेंब गाळून पितो. ही पोथी वेदीवर कशी ठेवायची? पालखीत कशी न्यायची?"

"काका, शक्यता म्हटलंय," राजुल घाईने म्हणाली. "यंत्राकडे ओळखीचे नमुने आहेत ते बहुतेक युरोपातल्या हस्तलिखितांचे. तिकडे पोथीच मुळी कातड्यावर लिहायचे. त्यामुळे प्रथिन दिसलं की ह्याला आधी कातडंच आठवतं. कुठलं प्रथिन ते नक्की ठरवायला नमुने वाढवावे लागतील."

"गुरुवारी दहापर्यंत ठरव मग. नाहीतर तुझं यंत्र साऱ्या जगाला सांगेल, आणि मला पोथी पेटीत बंद करून कुठल्यातरी संग्रहालयाला द्यावी लागेल. मला ते आवडणार आहे असं समजू नको." ते जाता जाता गुरुजींच्या कमरेकडे न बघता गेले. त्यांनी बघितलं असतं तर बरं, असं गुरुजींना वाटलं.

राजुल पांढरीफटक पडली होती. "अण्णा, माझ्यामुळे..."

"काम कर," गुरुजी म्हणाले.

तिने केलं. संध्याकाळपर्यंत नाकतोड्याने चाळीस पानांवर हुंगलं आणि राजुलने नकाशा काढला. प्रथिन जिथे सापडलं तिथे हिरवा ठिपका. गुरुजी तो नकाशा बघत राहिले. मोठमोठ्या लाल जमिनीवर एकही ठिपका नाही. निळ्या आकाशात नाही. हत्तीच्या अंगावर नाही. ठिपके होते ते पापण्यांवर. भुवयांवर. नखांच्या कडांवर. राणीच्या हारातल्या बारीक पिवळ्या मण्यांवर.

"सरस असता तर सगळ्या रंगात असता," राजुल स्वतःशीच पुटपुटत होती. "बारीक रेघांतच का? बारीक रेघांसाठी वेगळं काही कालवत असतील?"

गुरुजींना उत्तर कळलं होतं. बघताक्षणी कळलं होतं. बत्तीस वर्षं ज्याने पाट्या, पडदे आणि गणवेशातल्या पोरांच्या वह्या रंगवल्या त्याला कळायला यंत्र कशाला लागतं? पण ते तिला न सांगता त्यांनी भांडाराला कुलूप लावलं. ते घरी आले आणि ताटावर बसून राहिले.

विमलबाईंनी कढी वाढली. "काय झालं? तोंड का असं करून राहिले?"

"विमल, मी बारीक काम करताना कुंचल्याचं काय करायचो गं?"

"काय करायचात म्हणजे? चोखायचात!" विमलबाई हसल्या. "टोक यावं म्हणून. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीला माझे वडील आले तर जावयाचे ओठ हिरवेगार! त्यांना वाटलं, ह्यांना काही रोगबिग आहे."

राजुलचा घास हातातच राहिला.

गुरुजी ताटाकडे बघत बोलले. "केसाच्या कुंचल्याला टोक आणायला ओठांसारखं दुसरं काही नाही. मोठी जागा भरताना लागत नाही. पापणी काढताना लागतं, दर रेघेला. तुझ्या यंत्राला सांग राजुल, तो सरस नाही. ती थुंकी आहे."

ह्या वाक्याची किंमत त्या तिघांनाच माहीत होती. सरस म्हटला तर पोथी अपवित्र. थुंकी म्हटली तर पोथी पानोपान उष्टी. आणि मग एका नऊ वर्षांच्या पोरीचा ओला अंगठा कुठे राहिला? गुरुजी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. पोथी गेली असती, पण बापाची ती थप्पड बरोबर राहिली असती. खरं सांगायचं तर, फाटकापासून ताटापर्यंत येईतो त्यांनी हा हिशेब मनात केलाही होता, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली होती.

राजुलने भराभर जेवण उरकलं आणि उठताना बापाचंही ताट उचलून नेलं.

बुधवारी सकाळी सहाला भांडार उघडलं. लाळेत पिठूळ अन्न पचवणारं एक प्रथिन असतं. भाकरी चावत राहिलं की गोड लागते ती त्याच्यामुळे. कातड्यात ते औषधालाही नसतं. राजुलने पुण्याहून त्याचा नमुना यंत्रात उतरवून घेतला, तुलनेसाठी गुरुजींना एक जुना कुंचला चोखायला लावला आणि कागदावर रेघ मारायला सांगितली. नाकतोडा आधी पाचशे वर्षांपूर्वीच्या पापणीवर वाकला, मग गुरुजींच्या रेघेवर. पडद्यावरचे दोन डोंगर एकमेकांवर बसले, शिखराला शिखर लावून.

"जुळलं!" राजुल ओरडली. "अण्णा, जुळलं! जगात कुठेच हे कुणी पकडलेलं नाही. चिताऱ्याचं नाव हरवलं, पण तोंड सापडलं!"

गुरुजींनीही टाळी वाजवली, आणि मग त्यांचा हात अधांतरी थांबला. "पण राजुल, हे हिरवे ठिपके पिवळ्या मण्यांवर पण आहेत. पिवळा म्हणजे हरताळ."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हरताळ म्हणजे सोमलाचं विष पोटात घेऊन बसलेला दगड. तो कुंचला ओठांत, दिवसातून शंभर वेळा, वर्ष-दीड वर्ष!

राजुल झरझर कामाला लागली. नाकतोडा रेघेची जाडी केसाच्या विसाव्या हिश्शापर्यंत मोजायचा, त्यामुळे हात किती स्थिर होता ते कळायचं. पहिल्या वीस पानांची रेघ तारेसारखी ताठ. तिसाव्या पानावर बारीक थरथर. पन्नासाव्यावर पापण्यांची टोकं फाटलेली. साठाव्या पानावरची राणी साध्या डोळ्यांना सुंदरच दिसत होती, पण मोठी करून पाहिली तर प्रत्येक रेघ कापत होती, आणि तरी जागेवर होती.

"मरतोय तो," गुरुजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले. "आपल्यासमोर मरतोय, आणि काम सोडत नाही."

"थांबा. बासष्टावं बघा." राजुलने तांबड्यापलीकडचा उजेड टाकला. राणीच्या पिवळ्या लुगड्यातून तो आरपार गेला. खाली नेहमीचं टाचण असायला हवं होतं, एक शब्द, 'हरताळ'. त्याऐवजी तिथे अख्खी ओळ होती, दुसऱ्याच हाताची, अक्षरं कच्ची, वरखाली झालेली.

राजुलला ती लिपी लागेना. गुरुजींनी चष्मा पुसला, आणि एकेक अक्षर लावत वाचलं:

'पिवळें मी भरीन. आईनें कुंचली तोंडीं लावों नये.'

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"आई," राजुल म्हणाली. "चितारी नाही अण्णा. चितारीण."

"आणि ही लिहिणारी तिची मुलगी."

"मुलगा की मुलगी, ते यंत्र नाही सांगू शकत."

"मी सांगतो ना!" गुरुजी ठासून म्हणाले. "मुलगीच."

गुरुवारी सकाळी नऊला मंदिराच्या मंडपात पंच बसले. बाहेर पालखी सजली होती, लेझीमवाली पोरं घामाने निथळत थांबली होती. पोथी चौरंगावर होती. वेदीवर अजून ठेवली नव्हती. गुरुजींनी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडला आणि जिंतूरकरांसमोर ठेवला. मग एकही गोष्ट न गाळता सगळं सांगितलं. सरस नाही, हे ऐकून मंडप सैलावला. थुंकी आहे, हे ऐकून पुन्हा ताठ झाला.

"म्हणजे पोथी उष्टी आहे," जिंतूरकर म्हणाले.

"होय. पापणी न् पापणी उष्टी आहे. पाचशे वर्षं आपले वाडवडील तीच डोक्यावर घेऊन मिरवले." गुरुजी म्हणाले. "विष चाटून काढलंय हो त्या चितारणीने हे! आपण तोंडाला फडकं बांधून ज्या चित्रांसमोर उभे राहतो, ती तिच्या तोंडातून आली आहेत. ह्यात अविनय कुणाचा झाला, ते पंचांनी सांगावं. आणि एक सांगून टाकतो. ह्याच मांडवात मी माझ्या लेकीला ओल्या अंगठ्यासाठी मारलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा आज सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं."

राजुल खांबाला टेकून उभी होती. तिने मान खाली घातली.

मग गुरुजींनी बासष्टाव्या पानाखालची ओळ वाचून दाखवली. जिंतूरकरांनी चौरंगाकडे पाहिलं. त्यांची स्वतःची आई जिनिंगमधली कापसाची धूळ खाऊन गेली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"पोरी," ते राजुलकडे वळून म्हणाले, "ती जगली का गं पुढे? तुझं यंत्र सांगतं का?"

"सांगतं, काका." राजुल पुढे आली. तिचे डोळे चमकत होते. "बासष्टपासून पिवळा सगळा कच्च्या हाताचा आहे, कडेबाहेर गेलेला, आणि त्या पिवळ्यात लाळ नाही. बाकीच्या बारीक रेघा आईच्याच. सत्तराव्या पानापर्यंत थरथर तेवढीच आहे. मग कमी होत जाते. ऐंशीव्याला जवळजवळ नाही. आणि चौऱ्याऐंशीव्या पानावरची रेघ पहिल्या पानासारखी ताठ आहे. ती बरी झाली, काका. पोथी पुरी केली तिने."

मंडपात कुणीतरी हुंदका दिला, आणि कुणीतरी जयजयकार केला, आणि मग सगळेच बोलायला लागले. जिंतूरकरांनी जुडगा उचलला, गुरुजींच्या हातात कोंबला आणि दाराकडे तोंड करून ओरडले, "अरे लेझीम का थांबलीय? वाजवा!" दहाला पाच कमी होते. राजुलने खुलासा जोडला आणि नोंद जगाकडे जाऊ दिली.

पोथी वेदीवर चढली. रिवाजाप्रमाणे भांडाऱ्याने फडकं बांधून पहिलं पान उलटायचं, मग पालखी. गुरुजी पुढे झाले. त्यांनी हात पोथीकडे नेला आणि मध्येच थांबवला. सकाळपासून डोळे पुसून पुसून त्यांची दहाही बोटं ओली झाली होती. धोतराला पुसली, तरी पुन्हा डोळ्यांकडे गेली.

त्यांनी वळून खांबाकडे पाहिलं.

"राजुल, माझे हात ओले आहेत. ये, तू उलट."